उमेदवाराच्या शपथपत्रात प्रकृतीचाही रकाना असावा का?

कृष्णाकाठ

निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला नमुना 26 मधील शपथपत्र जोडावे लागते. घरात सोने किती, कोणत्या बँकेचे किती देणे आहे, कोणत्या पोलीस ठाण्यात कोणता गुन्हा नोंदला आहे आणि शिक्षण कुठवर झाले आहे, हे सारे त्यात मतदाराला वाचायला मिळते. मात्र ज्याच्या हाती आपण पाच वर्षे कारभार देणार, त्याला तो झेपेल का, याबद्दल त्यात एक ओळही नसते. तलाठी म्हणून रुजू होणाऱ्या मुलाला जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र आणावे लागते आणि 58व्या वर्षी दप्तर खाली ठेवावे लागते. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश 62व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे 65व्या वर्षी निवृत्त होतात. लोकसभेसाठी किमान 25 आणि राष्ट्रपतिपदासाठी किमान 35 वर्षे वय लागते, पण वरची मर्यादा राज्यघटनेत कुठेही नाही.

कमाल वयोमर्यादा घालावी, असे माझे म्हणणे नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक उमेदवाराने सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र शपथपत्राला जोडावे, एवढीच माझी सूचना आहे. त्यावर सभासदांची मते वाचायला आवडतील. कोणाच्याही आजारपणाची टवाळी करू नये आणि पक्षांची उणीदुणी काढू नयेत, ही विनंती.

निवांत_पेन्शनर

शेवटची विनंती किती प्रतिसादांपर्यंत टिकते, हे पाहण्यासाठी बैठक मारली आहे.

जुन्नरी

सत्तरीची रेघ कोणत्या आधारावर ओढली, ते कळले नाही. मोरारजी देसाई 81व्या वर्षी पंतप्रधान झाले आणि त्यानंतर अठरा वर्षे जगले. त्यांचे सरकार पडले ते पक्षातल्या भांडणांमुळे. त्यांच्या प्रकृतीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. याउलट लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा साठीच्याही आत होते, पण त्यांना हृदयविकाराचा त्रास आधीपासून होता आणि ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय 61 होते. तुमचे प्रमाणपत्र मोरारजींकडून मागितले गेले असते आणि शास्त्रीजींकडून नाही.

निवांत_पेन्शनर

मोरारजींचा जन्म 29 फेब्रुवारी 1896चा. सन 1900 हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे शपथविधीपर्यंत त्यांचे खरे वाढदिवस एकोणीसच झाले होते. किमान वय 25 हवे, या नियमाने त्यांची निवडच रद्द व्हायला हवी होती.

सांगोल्याचा_माणूस

जुन्नरी यांच्याशी सहमत आहे. आमच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. शेवटची निवडणूक त्यांनी 2014 मध्ये जिंकली, तेव्हा ते नव्वदीकडे झुकले होते. 2019 मध्ये ते स्वतःहून उभे राहिले नाहीत. त्यांच्या वयाबद्दल तालुक्यात कोणी प्रश्न विचारला नाही, कारण लोक त्यांना दर आठवड्याला समोर पाहत होते. माझ्या वडिलांना पाणीपट्टीच्या एका कागदावर त्यांच्याशी बोलायचे होते, तेव्हा त्यांनी कागद चष्मा न लावता दूर धरून वाचला आणि त्यातली तारीख चुकली आहे, हे आधी दाखवून दिले. त्याहून वेगळे प्रमाणपत्र आम्हाला नको होते.

बॉस्टनची_मंजिरी

तालुक्याला हे शक्य आहे, देशाला नाही. इथे अमेरिकेत आम्हीही जो बायडेन यांना रोज दूरचित्रवाणीवर पाहत होतो, पण ती दर्शने ठरवून दिलेली होती. 27 जून 2024 रोजी अटलांटामध्ये त्यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यासमोर दीड तास उभे राहावे लागले आणि आमच्या मराठी मंडळातल्या कट्टर डेमोक्रॅट काकासुद्धा पहिल्या पंधरा मिनिटांत गप्प झाले. 21 जुलैला बायडेन यांनी उमेदवारी सोडली. विशेष म्हणजे त्यांच्या वैद्यांनी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वार्षिक तपासणीनंतर ते कर्तव्यास सक्षम आहेत, असे लिहून दिले होते. कृष्णाकाठ यांना हवे असलेले प्रमाणपत्र म्हणजे नेमके हेच, आणि ते होते.

ट्रम्प यांनी जानेवारी 2025 मध्ये शपथ घेतली तेव्हा ते बायडेन यांच्या शपथविधीच्या वेळच्या वयापेक्षा काही महिन्यांनी मोठेच होते. वयाची चर्चा मात्र मतमोजणीबरोबर संपली होती.

वकिलीबाणा

मूळ सूचनेत एक घटनात्मक अडचण आहे. आपल्याकडे पंतप्रधानपदासाठी किंवा मुख्यमंत्रिपदासाठी कोणी अर्ज भरत नाही. लोक आमदार आणि खासदार निवडतात आणि बहुमताचा पाठिंबा असलेल्याला राज्यपाल किंवा राष्ट्रपती बोलावतात. म्हणजे शपथपत्रात रकाना वाढवायचा झाला, तर तो मागच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येक उमेदवारालाही लागू होईल, आणि जो आधी मुख्यमंत्री होऊन सहा महिन्यांत विधान परिषदेवर जातो, त्याला शपथविधीच्या दिवशी तो लागू होणार नाही.

दुसरे असे की गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003च्या निकालांमुळे आली. मतदाराला उमेदवाराची माहिती मिळण्याचा हक्क आहे, हे त्यामागचे सूत्र होते. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, आणि वैद्यकीय माहितीइतकी खासगी माहिती दुसरी क्वचितच असते. आजच्या घडीला कोणी न्यायालयात गेले, तर 2002चा निकाल पुढे नेणे सोपे जाणार नाही.

कृष्णाकाठ

वकिलीबाणा, खासगीपणाचा मुद्दा मान्य केला तरी तो सर्वांना सारखा कसा लागू होईल? रुग्णालयाच्या दारात वार्ताहर उभे असतात, कारण आत झोपलेल्या माणसाच्या सहीवाचून राज्याचे काम अडलेले असते. सही खासगी नाही, मग सही करण्याची क्षमता खासगी कशी?

मांडवीतीर

मी पणजीचा आहे आणि 2018 हे पूर्ण वर्ष आम्ही या प्रश्नात काढले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मनोहर पर्रीकर फेब्रुवारी 2018 मध्ये मुंबईच्या रुग्णालयात दाखल झाले. सुरुवातीला स्वादुपिंडाला सूज आली आहे, असे सांगण्यात आले. एका आठवड्यात ते परतले, अर्थसंकल्प थोडक्यात मांडला आणि मार्चमध्ये उपचारांसाठी अमेरिकेला गेले. जाताना त्यांनी तीन मंत्र्यांची सल्लागार समिती नेमली, पण कार्यभार कोणाकडेही सोपवला नाही. जूनमध्ये ते परतले आणि सप्टेंबरच्या मध्यावर दिल्लीच्या एम्समध्ये दाखल झाले. ते तिथे असतानाच मंत्रिमंडळातील फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर यांना वगळण्यात आले, कारण ते दोघेही आजारी होते. यावर आमच्याकडे त्या दिवशी जे बोलले गेले, ते धागालेखकांच्या विनंतीला मान देऊन इथे लिहीत नाही. कर्करोग असल्याचे आरोग्यमंत्र्यांनी उघडपणे सांगितले, तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. प्रकृतीची माहिती जाहीर करावी म्हणून उच्च न्यायालयात याचिकाही झाली आणि ती फेटाळली गेली.

त्या काळात माझा एक साधा कागद एका खात्यात अडकला होता. लिपिकाने फाईल उघडून दाखवली. वर हिरव्या शाईतला शेरा होता, ‘मा. मुख्यमंत्र्यांच्या अवलोकनार्थ’, आणि त्याखालची जागा रिकामी होती. दर खेपेला तो तेच पान उघडून दाखवी आणि काहीच बोलत नसे. खाते मुख्यमंत्र्यांकडेच असल्याने दुसऱ्या कोणाची सही चालत नव्हती.

आणि तरीही, जानेवारी 2019 मध्ये नाकात नळी असताना ते विधानसभेत अर्थसंकल्प मांडायला आले, ते पाहून माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि माझ्याही. त्यांच्यावर राग धरणे जमले नाही. राग कशावर धरायचा, हेच कळत नव्हते.

कोथरूडकरीण

मांडवीतीर, तुमचा प्रतिसाद वाचून सुन्न झाले. पण त्या नळीचे जे कौतुक झाले, ते मला तेव्हाही खटकले होते. आजारी माणसाने अखेरपर्यंत काम करावे, ही अपेक्षा आपण नेत्यांवर लादतो आणि मग तीच आपापल्या कचेऱ्यांत उतरते. साध्या ज्वरात रजा मागणारीला ‘अहो, ते बघा कसे काम करतात’ असे ऐकावे लागते.

जुन्नरी

कोथरूडकरीण, मराठी मतदाराला ही जिद्द आवडते, हेही मान्य करायला हवे. 18 ऑक्टोबर 2019 रोजी साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलत उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय 78 होते आणि कर्करोगावरील शस्त्रक्रियेला पंधरा वर्षे झाली होती. त्या एका सभेने प्रचाराचा नूर पालटला. 2023 मध्ये पुतण्याने जाहीर व्यासपीठावरून त्यांच्या वयाकडे बोट दाखवले, तेव्हा आपण थकलेलो नाही आणि निवृत्तही झालेलो नाही, असे वाजपेयींच्या शब्दांत उत्तर देऊन ते येवल्याच्या सभेला गेले. कोणत्या वैद्यकीय मंडळाने त्यांना 2004 मध्ये पुढच्या वीस वर्षांचे प्रमाणपत्र दिले असते?

निवांत_पेन्शनर

पावसात भिजणे ही चाचणी म्हणून मान्य झाली, तर निवडणुका जुलैत घ्याव्या लागतील आणि कोकणातील उमेदवारांना अन्यायकारक फायदा मिळेल.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून प्रमाणपत्राबद्दल लिहितो. प्रमाणपत्र त्या दिवशीची स्थिती सांगते. त्यापुढचे जे काही लिहिले जाते, ते अंदाज असतात. नियंत्रणात असलेला मधुमेह किंवा बायपास झालेले हृदय पाच वर्षे काय करील, हे मी माझ्या रुग्णाला सांगू शकत नाही, तर मतदाराला काय सांगणार? मनमोहन सिंग यांच्यावर जानेवारी 2009 मध्ये बायपास झाली, तीही दुसऱ्यांदा. मे महिन्यात ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्यांनी पूर्ण पाच वर्षे काढली. त्याच महिन्यात कोणी मला त्यांचा अहवाल नाव झाकून दाखवला असता, तर मी विश्रांतीचा सल्ला लिहिला असता.

बुद्धीच्या तपासणीबद्दल अमेरिकेत फार बोलले जाते. ट्रम्प यांनी जिचे गुण अभिमानाने सांगितले, ती माँट्रियलची चाचणी आम्हीही वापरतो. तीत घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची असतात, प्राण्यांची चित्रे ओळखायची असतात आणि पाच शब्द थोड्या वेळाने आठवून सांगायचे असतात. ही चाळणी स्मृतिभ्रंशाची शंका घेण्यासाठी आहे, राज्य चालवण्याची समज मोजण्यासाठी नव्हे. कमी शिकलेल्या व्यक्तीला त्या चाचणीत एक गुण वाढवून द्यावा लागतो, कारण शाळेत न गेलेली पण पूर्ण शहाणी माणसे तीत मागे पडतात. चौथी शिकलेल्या सरपंचबाईंना ती लावली, तर कारभारात मुरलेली बाई नापास होईल आणि निर्णयशून्य पदवीधर तीसपैकी तीस गुण घेऊन बाहेर पडेल.

शेवटचा मुद्दा कटू आहे. सरकारी वैद्यकीय मंडळातील डॉक्टरांच्या बदल्या मंत्रालयातून होतात. विद्यमान मुख्यमंत्री उमेदवार असताना ‘सक्षम नाहीत’ असे कोण लिहील? फ्रान्सचे फ्रान्स्वा मितराँ 1981 मध्ये निवडून आले ते प्रकृतीची माहिती नियमितपणे जाहीर करण्याचे वचन देऊन. त्याच वर्षी त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले. पत्रके ठरल्याप्रमाणे निघत राहिली, त्यांत कर्करोग नव्हता, आणि 1988 मध्ये ते पुन्हा निवडून आले. लोकांना खरे कळले ते 1992 मध्ये.

मी_बेळगावकर

नाडीपरीक्षा यांना अनुमोदन. आमच्या भागातील एका सहकारी संस्थेच्या अध्यक्षांना पक्षाघात झाला, तेव्हाही कागदोपत्री ते ठणठणीत होते. सभेचे इतिवृत्त घरी नेले जाई, बोटांत पेन ठेवले जाई आणि व्यवस्थापक त्यांच्या मनगटाखाली हात धरून सही उठवून घेई. सही हुबेहूब येत असे, हे विशेष.

निळी_शाई

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे आणि तो स्पष्टपणे नोंदवते. ‘आरोग्याचा रकाना’ ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण आपल्या देशात असा रकाना एकदा होऊन गेला आहे. ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोगी आणि क्षयरोगी व्यक्तींना निवडणुकीस अपात्र ठरवणारी तरतूद होती. तिच्याखाली एका निवडून आलेल्या नगरसेवकाचे पद गेले आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होत असताना हे घडले. ज्या महाराष्ट्रात आनंदवन उभे राहिले, तिथे तरी हा इतिहास ठाऊक असायला हवा.

पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालणारे जयपाल रेड्डी केंद्रात मंत्री होते आणि संसदेतील उत्तम वक्त्यांत त्यांची गणना होई. नैराश्यावर औषधे घेणाऱ्या किती माणसांनी आयुष्यभर चोख कामे केली आहेत! असा माणूस शपथपत्राच्या भीतीने एकतर निवडणूक लढवणार नाही किंवा औषध घेणार नाही. दुसरी शक्यता मला अधिक भयंकर वाटते.

कृष्णाकाठ

निळी_शाई, रोगाचे नाव लिहावे असे मी म्हटलेले नाही. ‘सक्षम’ किंवा ‘सक्षम नाही’ एवढेच मंडळाने लिहावे.

निळी_शाई

ओडिशाच्या कायद्याचेही म्हणणे शेवटी तेवढेच होते.

चेन्नईचा_देशपांडे

मी इथे तीस वर्षांहून अधिक काळ आहे. तमिळनाडूचा अनुभव सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. 1984च्या डिसेंबरात विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा एम. जी. रामचंद्रन न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या रुग्णालयात होते. पक्षाघात झाला होता आणि मूत्रपिंडे निकामी झाली होती. ते जिवंत आहेत आणि शुद्धीवर आहेत, हे पटवून देण्यासाठी रुग्णालयातील चित्रफीत गावोगाव दाखवली गेली. अंडिपट्टीतून ते प्रचाराला एकदाही न येता निवडून आले आणि पक्षालाही बहुमत मिळाले. इथे कोणापासून काही लपलेले नव्हते. म्हणजे मतदाराला माहिती मिळाली की तो आजारी उमेदवाराला नाकारील, ही कृष्णाकाठ यांची धारणा निदान इथे तरी टिकत नाही.

2016ची गोष्ट त्याच्या उलट आहे. जयललिता 22 सप्टेंबरला ताप आणि शरीरातील पाणी कमी झाल्याच्या कारणाने दाखल झाल्या आणि 5 डिसेंबरला त्यांचे निधन झाले. मधल्या काळात त्यांचे एकही छायाचित्र बाहेर आले नाही. आपले तत्कालीन राज्यपाल विद्यासागर राव यांच्याकडे तेव्हा तमिळनाडूचाही कार्यभार होता. 11 ऑक्टोबरला त्यांनी मुख्यमंत्र्यांची खाती पनीरसेल्वम यांना दिली आणि ही व्यवस्था मुख्यमंत्र्यांच्याच सल्ल्यानुसार असल्याचे जाहीर केले. अतिदक्षता विभागातून तो सल्ला कोणी, कसा आणि केव्हा दिला, हा प्रश्न चहाच्या टपरीवरचा माणूसही विचारत होता.

वकिलीबाणा

देशपांडे यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आपल्या घटनेत राष्ट्रपती आजारी पडले तर उपराष्ट्रपतींनी काम पाहावे, असे अनुच्छेद 65 सांगतो. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री आजारी पडले तर काय, याबद्दल तशी तरतूद नाही. 2009 मध्ये मनमोहन सिंग यांच्या बायपासच्या वेळी प्रणव मुखर्जी यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका चालवल्या, पण त्यांना हंगामी पंतप्रधान नेमलेले नव्हते. सर्वांनी समजून घेतले म्हणून ते निभावले. अमेरिकेने केनेडींच्या हत्येनंतर 25वी घटनादुरुस्ती केली आणि अध्यक्ष भूल घेण्याआधी दोन ओळींचे पत्र देऊन अधिकार सोपवतो. बायडेन यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये आतड्याच्या तपासणीसाठी असेच केले आणि कमला हॅरिस सुमारे दीड तास अधिकारावर होत्या. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

म्हणून शपथपत्राऐवजी शासनाच्या कार्यनियमावलीत बदल करावा, असे मी सुचवतो. मुख्यमंत्री ठरावीक दिवसांहून अधिक काळ रुग्णालयात किंवा परदेशी उपचारांसाठी असतील, तर कार्यभार कोणाकडे जाईल, त्या मंत्र्याचे नाव शपथविधीच्या वेळीच राज्यपालांकडे लेखी दिलेले असावे. रोग कोणता, हे कोणालाही सांगावे लागणार नाही. घटनादुरुस्तीही लागणार नाही.

बॉस्टनची_मंजिरी

या सूचनेला माझाही पाठिंबा आहे. मात्र 25व्या दुरुस्तीतील दुसरी वाट, म्हणजे अध्यक्ष स्वतः कबूल करत नसताना मंत्रिमंडळाने त्याला बाजूला करण्याची, आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. ज्यांना त्याने नेमले, त्यांनीच त्याच्याविरुद्ध सही करायची असते.

निवांत_पेन्शनर

आधीच लेखी नाव दिल्यास त्या मंत्र्याची प्रकृती अचानक उत्तम होईल आणि मुख्यमंत्र्यांची बिघडू लागेल. याचे वैद्यकीय कारण नाडीपरीक्षा यांनी सांगावे.

नाडीपरीक्षा

हा विकार माझ्या शाखेत येत नाही.

मांडवीतीर

निवांत_पेन्शनर विनोदाने लिहून गेले, पण गोव्यातील गोम तिथेच होती. कार्यभार सोपवला गेला नाही, कारण आघाडीतील घटक पक्षांना मान्य होईल असा दुसरा माणूस नव्हता. त्यांनी पाठिंबा पर्रीकरांच्या नावावर दिला होता. आजार मान्य करणे म्हणजे उत्तराधिकाऱ्याचा विषय काढणे, आणि तो काढला की सरकार डळमळणार, हे सर्वांना माहीत होते. पर्रीकर 17 मार्च 2019 रोजी गेले. पुढच्या रात्रभर वाटाघाटी चालल्या आणि 19 तारखेला पहाटे दोनच्या सुमारास प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला, दोन्ही घटक पक्षांना एकेक उपमुख्यमंत्रिपद देऊन. वकिलीबाणा म्हणतात तसा नियम असता, तर हीच बोलणी वर्षभर आधी, दिवसाढवळ्या करावी लागली असती. सरकार कदाचित पडलेही असते. आजारी माणसाला मात्र उपचार सोडून फायली पाहाव्या लागल्या नसत्या.

कृष्णाकाठ

कार्यनियमावलीची सूचना मला पटण्यासारखी वाटते, पण ती निवडून आल्यानंतरची आहे. माझा प्रश्न मत देण्याआधीचा होता आणि तो तसाच आहे. भाजपने पंच्याहत्तरीची रेघ ओढल्याचे 2014 पासून आपण ऐकतो. आनंदीबेन पटेल यांनी 2016 मध्ये तेच कारण देऊन मुख्यमंत्रिपद सोडले, तर येडियुरप्पा 2019 मध्ये 76व्या वर्षी मुख्यमंत्री झाले आणि कोकण रेल्वेचे श्रीधरन 2021 मध्ये 88व्या वर्षी पालक्काडमधून उमेदवार होते. नियम पक्षाच्या मर्जीवर राहिला की तो नको असलेल्या माणसापुरताच उरतो. प्रमाणपत्राला इथे बहुतेकांचा विरोध दिसतो. मग उमेदवाराने निदान मतदारसंघात दोन तासांची एक खुली प्रश्नोत्तरांची सभा, हातात कागद न घेता, प्रतिस्पर्ध्यांसमोर द्यावी, अशी सक्ती निवडणूक आयोगाने करावी का? वकिलीबाणा, याला कायद्याचा आधार मिळेल काय?

वकिलीबाणा

आयोगाला अनुच्छेद 324 खाली व्यापक अधिकार आहेत, पण ते कायदा जिथे मूक आहे तिथे चालतात. सभेला न आलेल्याचा अर्ज बाद करायचा असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्तीच करावी लागेल, आणि ती करणारे सभागृह कोणाचे बनलेले आहे, हे आपण जाणताच. ऐच्छिक सभा मात्र कोणत्याही गावातील वाचनालयाला उद्या घेता येईल. न येणाऱ्याची खुर्ची व्यासपीठावर रिकामी ठेवायला परवानगी लागत नाही.

सांगोल्याचा_माणूस

आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना हा धागा पाठवला आहे. सभा दोन तासांची ठेवली, तर श्रोत्यांच्याही प्रकृतीचा विचार करावा लागेल, असे त्यांचे उत्तर आले आहे.